सोमवारचा राहुकाळ साडेसातलाच लागतो का?

"सोमवारी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा." राहुकाळाचा, म्हणजे शुभकामासाठी टाळायच्या रोजच्या वेळेचा, हा तक्ता सोलापुरात अनेकांना तोंडपाठ आहे. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तर राहुकाळ फार कसोशीने पाळतात. पण वर्षभर आणि सगळ्या गावांना लागू पडेल असा ठरीव राहुकाळ नसतोच.

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिनमानाचे आठ समान भाग करायचे. सोमवारी त्यातला दुसरा भाग राहुकाळ, शनिवारी तिसरा. तक्त्यात सूर्य सहाला उगवतो आणि सहाला मावळतो असं धरलंय, म्हणून दीड-दीड तास.

आता गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस घ्या. जानेवारीच्या मध्यावर सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहा-दहाच्या आसपास मावळतो. एक भाग जेमतेम ८४ मिनिटांचा. म्हणजे सोमवारचा राहुकाळ साधारण ८.२४ ते ९.४८! तक्ता बघून सव्वानऊला नवं दुकान उघडणारा माणूस श्रद्धेने जे टाळायला गेला, त्यातच सापडतो. मला याचं खरंच वाईट वाटतं. जूनच्या उत्तरार्धात मात्र तो साधारण ७.३२ ते ९.१० येतो, तक्त्याच्या बराच जवळ.

मुंबईची वेळही इथे चालणार नाही. नुसत्या रेखांशानेच सुमारे १२ मिनिटांचा फरक पडतो. त्या दिवसाचा सोलापूरचा सूर्योदय-सूर्यास्त पंचांगात बघा आणि दिनमानाला आठाने भागा. यमगंड आणि गुलिककाळ या पंचांगातल्या आणखी दोन वेळाही याच भागांतून निघतात.