कोळशावरील औष्णिक विद्युत केंद्र : राष्ट्रीय वीजपुरवठ्यातील स्थान

दगडी कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचे आणि त्याला जोडलेल्या जनित्रातून वीज घ्यायची, अशा रीतीने चालणारे केंद्र. जगातील सुमारे एक तृतीयांश वीज आजही कोळशातून येते. सार्वजनिक वीजपुरवठ्याची सुरुवातही कोळशाच्या भट्टीपाशीच झाली. लंडनचे हॉलबर्न व्हायाडक्ट आणि न्यूयॉर्कचे पर्ल स्ट्रीट ही दोन्ही केंद्रे १८८२ सालची.

कोळसा येथे ढेकळांच्या रूपात जळत नाही. गिरणीत तो इतका बारीक दळतात की चिमटीत घेतल्यास पिठासारखा लागतो. गरम हवेच्या झोताबरोबर ही भुकटी बॉयलरमध्ये फवारली की अधांतरीच पेट घेते. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने असलेल्या, वीजवहनाच्या जाळ्यात वाफेच्या टर्बाइनचा दांडा सहसा मिनिटाला ३,००० फेरे घेतो. कोळशातील उष्णतेपैकी जुन्या संचांत जेमतेम एक तृतीयांश, तर अद्ययावत संचांत ४५ टक्क्यांच्या आसपास भागाची वीज होते. उरलेली बरीचशी उष्णता शीतकरण मनोऱ्यांवाटे निघून जाते. मनोऱ्यांवर दिसणारे पांढरे लोट अनेकांना धूर वाटतात, पण ते पाण्याचे असतात. धूर शेजारच्या उंच चिमणीतून जातो.

राष्ट्रीय पुरवठ्याच्या दृष्टीने या केंद्राचे खरे बळ त्याच्या आवारातील कोळशाच्या ढिगात असते. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे कठीण, कोळसा मात्र महिनाभर उघड्यावर राहू शकतो. ५०० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज देतो आणि कोळशाच्या प्रतीनुसार साधारण पाच ते आठ हजार टन कोळसा खातो. ढीग बुलडोझरने दाबून घट्ट करावा लागतो, कारण सैल ढिगात हवा शिरली की कोळसा आतल्या आत तापून धुमसू लागतो.

साठ्याचे मोल ब्रिटनने दोनदा अनुभवले. खाणकामगारांच्या आंदोलनामुळे कोळसा कमी पडला, तेव्हा १९७४ च्या आरंभी तेथील बहुतेक उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज वापरता येत होती. १९८४-८५ चा संप जवळपास वर्षभर चालला, तरी देश अंधारात गेला नाही. या वेळी संपाआधीच केंद्रांच्या आवारात प्रचंड साठे करून ठेवले होते. तेलावरील केंद्रांनीही मोठा भार उचलला.

या केंद्राचे दुसरे काम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जाळ्यातील एखादा मोठा संच अचानक बंद पडला की वारंवारता, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तने, घसरू लागते. अशा वेळी इतर केंद्रांमधील शेकडो टन वजनाचे फिरते दांडे आपल्या गतीतील ऊर्जा देऊन ती घसरण पहिले काही सेकंद मंदावतात. इन्व्हर्टरमार्फत जोडलेल्या सौर पटलांत असे फिरते वजन नसते.

मर्यादाही मोठ्या आहेत. थंड पडलेला संच पुन्हा पूर्ण भारावर यायला कित्येक तास लागतात, म्हणून त्याला परंपरेने अहोरात्रचा पायाभार, म्हणजे कायम लागणारी किमान मागणी, वाहायला लावले. दुपारी सौरवीज वाढल्यावर त्याला भार उतरवावा लागतो. फार उतरवला तर ज्योत अस्थिर होते व तेलाचा आधार द्यावा लागतो. वारंवार तापून-निवून जाड नळ्यांना तडे जातात. आणखी एक गोष्ट म्हणजे, संपूर्ण जाळे कोसळल्यास असे केंद्र सहसा स्वबळावर उठू शकत नाही. त्याचे पंप आणि पंखे चालवायला बाहेरून वीज आणावी लागते, अनेकदा जलविद्युत केंद्राकडून.

सर्वांत जड किंमत हवेची आहे. एका युनिटमागे ८०० ग्रॅम ते १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, नैसर्गिक वायूच्या केंद्राच्या सुमारे दुप्पट. शिवाय गंधकाची संयुगे, पारा आणि राख. राखेचा काही भाग सिमेंटमध्ये जातो, बाकीची तळ्यांत साचते आणि त्याचा त्रास आसपासच्या वस्तीला होतो. हे नुकसान वीजदरात क्वचितच पूर्ण धरले जाते, आणि म्हणूनच कोळसा स्वस्त भासतो.

केंद्र बंद करताना केवळ मेगावॉट मोजणे अपुरे ठरते. ब्रिटनमधील शेवटचे कोळसा केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, ३० सप्टेंबर २०२४ रोजी थांबले. तत्पूर्वीच तेथील जाळ्यात जड चाके जोडलेली सिंक्रोनस यंत्रे बसवायला सुरुवात झाली होती. ही यंत्रे वीज निर्माण करत नाहीत. वारंवारता सावरण्यासाठी ती अखंड फिरत राहतात.