अल्पायुषी क्रांतिकारी प्रजासत्ताकांचे ध्वज

उठावातून उभ्या राहिलेल्या आणि काही दिवस ते काही वर्षे टिकलेल्या प्रजासत्ताकांचे ध्वज. नाणी पाडायला किंवा संविधान पुरे करायला यांतील अनेकांना सवडच मिळाली नाही. ध्वज मात्र आरंभीच चढे, कारण सत्ता बदलली हे रस्त्यावरच्या माणसाला त्यावरूनच कळे. त्यामुळे हाताशी असेल त्या कापडावर भागवावे लागे.

या घाईचा बोलका नमुना कॅलिफोर्नियात दिसतो. मेक्सिकन सत्तेविरुद्ध उठलेल्या अमेरिकन वसाहतकऱ्यांनी जून १८४६ मध्ये सोनोमा येथे साध्या सुती कापडावर अस्वल व तारा रंगवला आणि खाली लाल पट्टी जोडली. रंगकाम विल्यम टॉड याचे. ९ जुलैला तेथे अमेरिकेचा ध्वज चढला आणि प्रजासत्ताक संपले. मूळ ध्वज १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपातील आगीत जळाला. तरीही १९११ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने अस्वलाचाच ध्वज अधिकृत केला. ब्राझीलमधील पेर्नांबुकूचे १८१७ चे बंड पोर्तुगीज राजसत्तेने काही महिन्यांतच चिरडले. त्याचा इंद्रधनुष्य, सूर्य व क्रूस असलेला ध्वज शंभर वर्षांनी, १९१७ मध्ये, त्या राज्याचा ध्वज झाला.

फॉर्मोसा प्रजासत्ताक (मे–ऑक्टोबर १८९५) हे क्रांतीपेक्षा प्रतिकारातून जन्मले. चीनने तैवान जपानला तोडून दिल्यावर तेथील अधिकारी व प्रतिष्ठितांनी ते घोषित केले. निळ्या पार्श्वभूमीवरचा त्याचा पिवळा वाघ चिंग साम्राज्याच्या ध्वजावरील ड्रॅगनशी नाते सांगतो, पण त्याची जागा घेत नाही. मूळ ध्वज आज उपलब्ध नाही. १९०९ मध्ये केलेली प्रतिकृती तैपेईच्या राष्ट्रीय तैवान संग्रहालयात आहे.

पॅरिस कम्यून (१८७१ मध्ये पॅरिसमध्ये उठावातून आलेले क्रांतिकारी शहर-सरकार) आणि १३३ दिवस टिकलेले हंगेरीचे सोव्हिएत प्रजासत्ताक (१९१९) यांनी निव्वळ लाल ध्वज घेतला. त्याने सीमा सहज ओलांडल्या व तो जगभरच्या कामगार चळवळीचा झाला. पण त्यावर त्या भूमीची खूण नव्हती, म्हणून पॅरिसचा किंवा हंगेरीचा ध्वज म्हणून तो उरला नाही. स्थानिक चिन्हांचे ध्वज पुन्हा वर आले ते याच फरकामुळे, असे म्हणता येते.

राज्यकर्त्यांनाही ही ताकद ठाऊक होती. १९०१ मध्ये पहिले फिलिपीन प्रजासत्ताक कोसळल्यावर अमेरिकन प्रशासनाने १९०७ मध्ये त्याचा सूर्यांकित ध्वज लावण्यावर कायद्याने बंदी घातली. ती १९१९ मध्ये उठली.