मशीन थांबवून हातोड्याचा ठोका का मारतो?
डॅम्पिंगच्या मोजणीबद्दल ग्राहकांसाठी माहिती

ब्लोअरचा किंवा पंपाचा बेस ठराविक आरपीएमलाच थरथरत असेल, तर त्याची नैसर्गिक वारंवारता (धक्का दिल्यावर तो आपोआप सेकंदाला किती वेळा थरथरतो ते) सगळेच विचारतात. थरथर किती वाढणार हे मात्र डॅम्पिंग, म्हणजे कंपन शमवण्याची क्षमता, ठरवते. डॅम्पिंग रेशो (थरथर अजिबात होऊ न देणाऱ्या किमान डॅम्पिंगच्या तुलनेत प्रत्यक्ष डॅम्पिंग) २ टक्के असेल तर रेझोनन्सला, म्हणजे मशीनची आणि बेसची वारंवारता जुळल्यावर, हालचाल तेवढ्याच स्थिर भाराने होणाऱ्या हालचालीच्या २५ पट होते, ५ टक्के असेल तर १० पट.

मशीन बंद करून सप्लायला कुलूप लावतो. ॲक्सिलरोमीटर (कंपन मोजणारा सेन्सर) घासलेल्या धातूवर घट्ट बसवतो, कारण रंगाच्या थरावर मॅग्नेट नीट धरत नाही. मग रबरी टोकाच्या हातोड्याने एकच ठोका. हातोडा उसळून पुन्हा लागला तर ते रेकॉर्डिंग बाद.

ठोक्यानंतर थरथर हळूहळू विरते आणि तिच्या आलेखात लहान होत जाणारी शिखरे दिसतात. सुरुवातीची दोन-तीन शिखरे सोडतो, कारण त्यांत वरच्या वारंवारतेची कंपनेही मिसळलेली असतात. समजा, निवडलेल्या शिखराची उंची ८ आहे आणि १० आवर्तनांनंतर २ उरली. ८ भागिले २ म्हणजे ४. त्याचा नॅचरल लॉग १.३८६. त्याला १० ने आणि मग ६.२८ ने भागले की ०.०२२, म्हणजे २.२ टक्के. जागेवर पडताळायचे असेल तर उंची निम्मी व्हायला किती आवर्तने लागली ते मोजा आणि ११ ला त्या आकड्याने भागा. ५ आवर्तने लागली तर तेच २.२ टक्के. उंची शून्यरेषेपासूनच मोजा. रेषा वर-खाली सरकलेली असेल तर उत्तर चुकते.

दोनच शिखरांवर मात्र आम्ही कधीच विसंबत नाही. सगळ्या शिखरांचे लॉग आवर्तनांसमोर मांडले की सरळ रेषा यायला हवी. उंची दर आवर्तनाला सारख्या पटीने नव्हे, तर सारख्याच आकड्याने (८, ७, ६ अशी) घटत असेल, तर ते कोरडे घर्षण आहे: बहुतेकदा सैल फाउंडेशन बोल्ट, नाहीतर शिमवर (पायाखालच्या पातळ पत्र्यावर) घासणारा मशीनचा पाय. तिथे टक्क्यात एक आकडा देणे चूक, कारण ठोक्याच्या जोराप्रमाणे तो बदलेल. उंची घटून पुन्हा वाढली तर दोन जवळच्या वारंवारता एकत्र वाजत आहेत. त्या आधी वेगळ्या कराव्या लागतात. पण त्यासाठी लावलेला फिल्टर (ठराविक वारंवारताच पुढे जाऊ देणारा) फार अरुंद ठेवला तर फिल्टरचीच थरथर मोजली जाते. ॲनालायझरमधली (सिग्नल तपासणाऱ्या यंत्रातली) एक्स्पोनेन्शियल विंडो, म्हणजे सिग्नल शेवटाकडे मुद्दाम दाबत नेणारी सोय, तर स्वतःचे डॅम्पिंग मिसळते. अहवालात कच्चा सिग्नल मागा, तो तुमचा हक्क आहे.

मशीनखाली रबर माउंट (रबरी आधार) असतील तर तापमान लिहिलेच पाहिजे. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी शेडमध्ये घेतलेला आकडा डिसेंबरच्या पहाटे लागू पडेल असे समजू नका; रबराचा कडकपणा आणि डॅम्पिंग दोन्ही बदलतात. ऑइल फिल्म बेअरिंगचे (तेलाच्या थरावर शाफ्ट तोलणाऱ्या बेअरिंगचे) डॅम्पिंग शाफ्ट फिरतानाच तयार होते, त्यामुळे थांबलेल्या मशीनवरचा आकडा रोटरला लावता येत नाही.

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक शेडमध्ये शेजारचे मशीन चालू असले की अडचण येते. १४८० आरपीएमची मोटर २४.७ हर्ट्झची थरथर जमिनीतून पाठवते आणि आलेखाच्या शेवटाकडची लहान शिखरे त्यात बुडतात. एका जागेवर आम्ही किमान ५ ठोके घेतो. तेवढा वेळ शेजारची मशीनही बंद ठेवता येईल अशी पाळी आम्हाला आधी कळवा.