छोटी, चपळ आणि कायम उशिरा येणारी

खंडवा रोडवर सिमरोलच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. रविवारी सकाळी सातच्या सुमाराला तिथे चार-पाच गाड्या तिरक्या लागलेल्या असतात. एक लाल पोलो, एक आय-ट्वेंटी एन लाइन, रुंद टायर चढवलेली जुनी स्विफ्ट, आणि एक पुंटो, जिचा मालक पोहेसुद्धा बॉनेट उघडं ठेवूनच खातो. रामबाग, लोकमान्यनगर, नारायणबाग इथली मराठी पोरं यात बरीच. बोलणं निम्मं मराठी, निम्मं इंदुरी हिंदी. भेरूघाटात एक फेरी मारून आले की मग चर्चा.

सध्या चर्चेला विषय आहे फोक्सवॅगनच्या विजेवरच्या पोलो जीटीआयचा. जीटीआय म्हणजे घरगुती गाडीची वेगवान आवृत्ती. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने म्युनिकच्या प्रदर्शनात या गाडीची कल्पना मांडली, २०२५ च्या प्रदर्शनात तिला ‘आयडी. पोलो जीटीआय’ हे नाव दिलं आणि २२६ पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती) ताकद जाहीर केली. टपरीवरची मतं ठरलेली आहेत. एक जण म्हणतो, मोटर घरघरली नाही तर जीटीआय कसली. दुसरा म्हणतो, एकदा चालवून बघ, मग बोल. आणि पुंटोवाला घास गिळून म्हणतो, “भिया, आणतील तर नव्व्याण्णव आणतील, आणि त्या मुंबई-बंगळुरूतच संपतील.”

नव्व्याण्णव हा आकडा त्याने मनाने काढलेला नाही. त्यामागे बरीच हकीकत आहे.

छोटी वेगवान गाडी जन्माला आली तीच मुळात पेट्रोल वाचवायच्या नादातून. १९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने जेमतेम तीन मीटर लांबीची मिनी काढली. ती १९५९ साली बाजारात आली. इंजिन आडवं बसवलेलं, चाकं गाडीच्या चारही टोकांना ढकललेली. उद्देश जागा आणि इंधन वाचवण्याचा, पण त्यामुळे गाडी वळणावर अशी चिकटून जायला लागली की शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९६१ मध्ये मिनी कूपर आली. ताकद होती ५५ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या साध्या अल्टोच्या आसपास. तरी तिने माँटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली. १९६६ लाही पहिली आलीच होती, पण हेडलाइटच्या नियमावर बोट ठेवून तिला बाद केलं.

गोल्फ जीटीआयची कथाही तेलाच्याच टंचाईतली. १९७३ च्या तेलसंकटानंतर आलेली गोल्फ ही घरगुती, काटकसरी गाडी. कंपनीतल्या काही मंडळींनी तिच्यात १.६ लिटरचं ११० पीएसचं इंजिन बसवलं आणि १९७५ ला फ्रँकफर्टमध्ये ती दाखवली. पाच हजार खपल्या तरी पुष्कळ, असा हिशोब होता. पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांवर खपल्या. सीटवरचं चौकड्यांचं कापड आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ या दोन्ही गोष्टी गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या महिला डिझायनरच्या. पुढे १९८४ ला प्यूजोची २०५ जीटीआय आली, रॅलीच्या नियमांमुळे लान्चा डेल्टासारख्या गाड्या आल्या, आणि युरोपात ‘हॉट हॅच’, म्हणजे घरगुती छोट्या हॅचबॅकमध्ये जोरकस इंजिन, हा नोकरदार माणसाच्या आवाक्यातला शौक झाला. दिवसा मुलांना शाळेत सोडायचं, रविवारी डोंगरात जायचं, गाडी तीच.

आपल्याकडे ‘आवाक्यातला’ या शब्दापाशीच गाडी अडली.

वेगाचं वेड इंदूरला नवं नाही. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी तिसाच्या दशकात ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून केशरी-काळी बॉडी बांधून घेतली होती आणि ती गाडी जाणकार आजही जगातल्या सर्वांत देखण्या मोटारींत धरतात. पण तो राजवाड्याचा शौक. सामान्य घरात मोटार आली ती १९८३ च्या मारुती ८०० बरोबर, आणि तिच्याबरोबर एक प्रश्न आला : “किती देते?” लिटरला किती किलोमीटर, असं पूर्ण विचारायचीही गरज पडत नाही. १९९३ ला झेन आली. हलकी, एक लिटरचं ॲल्युमिनियमचं इंजिन, रस्त्याला चिकटून चालणारी. गॅरेजवाल्यांनी तिच्यात एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन बसवून पाहिलं आणि भारतातली पहिली हॉट हॅच खरं तर मिस्त्र्यांनी तयार केली, असं माझं मत आहे. कंपन्या नंतर आल्या.

कंपनीने स्वतः काढलेली म्हणावी अशी पहिली गाडी म्हणजे फियाट पॅलिओ १.६. साल २००१, ताकद शंभर अश्वशक्ती, बनवलेली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात, जाहिरातीत सचिन तेंडुलकर. रामबागेत राहणाऱ्या माझ्या मामाकडे ती होती. दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज यायचा. मानपूरच्या घाटात मामा तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या बाजूने असा निघायचा की मागच्या सीटवर आम्ही भाचरं एकमेकांवर आदळायचो, आणि पुढे मामी रामरक्षा म्हणायची. पंपावर मात्र मामी सावध. “किती देते हो ही?” मामा सांगायचा, चौदा. पावत्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, गाडीच्या माहितीपुस्तिकेखाली.

मग २००६ चा अर्थसंकल्प आला. या विषयातला सर्वांत मोठा दिवस कुठला असं मला विचारलं, तर एखाद्या गाडीच्या अनावरणाचा दिवस मी सांगणार नाही, हाच सांगेन. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं आणि ‘छोटी’ कशाला म्हणायचं हेही ठरवून दिलं : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. एक सीसी जास्त झाला की मोठ्या गाडीचा कर. त्यानंतर इंजिनं बाराशेच्या साच्यात बसू लागली. स्विफ्ट २००५ ला १२९८ सीसीची आली होती, २०१० ला ती ११९७ ची झाली. पॅलिओसारखी १६०० सीसीची हॅचबॅक आता कोण काढणार? लांबी छोट्या गाडीची आणि कर मोठ्या गाडीचा. २०१७ ला जीएसटी आला तेव्हाही हीच व्याख्या पुढे चालू राहिली.

या कुंपणातून वाट काढायची तर एकच मार्ग होता, टर्बो. इंजिन छोटं ठेवायचं आणि त्यात हवा दाबून भरायची. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय ही त्या युक्तीची पहिली चांगली गाडी. १.२ लिटर, १०५ पीएस, आपोआप बदलणारा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स, किंमत आठ लाखांच्या काठावर. कागदावर १०५ म्हणजे फार नाही, पण १७५ न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, इंजिन हळू फिरत असतानाच मिळायचा, त्यामुळे एबी रोडवर ओव्हरटेक करताना ती आकड्यापेक्षा मोठी वाटायची. ज्यांनी तेव्हा घेतली त्यांच्यातले बरेच अजून ती विकत नाहीत. पुंटोवाल्याची गाडी तिच्या पुढची. ऑक्टोबर २०१५ ला फियाटने पुंटोला अबार्थचा, म्हणजे स्वतःच्या वेगवान गाड्यांच्या ब्रँडचा, विंचू लावला : १.४ टी-जेट, १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क, दहा लाखांच्या आत. १४०० सीसी म्हणजे कराचा फटका कंपनीने जाणूनबुजून घेतला होता. दहा लाखांत तेवढी ताकद देणारी दुसरी हॅचबॅक तेव्हा नव्हती. पण मूळ पुंटो तोवर जुनी झालेली, आणि ‘पुढे सर्व्हिस मिळेल का’ हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात आधीच बसलेला. थोड्याच वर्षांत फियाटचं नाव आपल्या बाजारातून गेलं.

आता नव्व्याण्णवचा हिशोब. नोव्हेंबर २०१६ मध्ये पोलो जीटीआय भारतात आली. तीन दारांची, १.८ लिटर, १९२ पीएस, पूर्ण आयात केलेली, एकूण ९९ गाड्या, किंमत २५ लाख ६५ हजार. टपरीवर ही गोष्ट ‘बघता बघता संपल्या’ अशी सांगितली जाते. झालं उलटंच होतं. वर्षभराने कंपनीला किंमत १९ लाख ९९ हजारांवर आणावी लागली. पंचवीस लाखांत लोकांना सनरूफ, उंच बसणं आणि पाच दारं हवी होती. आम्हा शौकिनांना आठवण ठेवायला आवडते ती ‘त्यांनी कमी आणल्या’ एवढीच. ‘आम्ही घेतल्या नाहीत’ हा भाग चहाबरोबर विरघळून जातो.

देशी कंपन्यांनीही हात मारून पाहिला. मारुतीची बलेनो आरएस २०१७ ची, एक लिटरचं ‘बूस्टरजेट’ टर्बो इंजिन, १०२ पीएस, मागेसुद्धा डिस्क ब्रेक. तीन वर्षांत बंद. टाटांनी कोइंबतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जबरोबर भागीदारी करून २०१८ ला टियागो जेटीपी आणली, ११४ पीएस, सव्वासहा लाखांच्या थोडी पुढे. इतक्या स्वस्तात इतकी गंमत आपल्याकडे आजवर कुणी दिलेली नाही. ती भागीदारीही २०२० मध्ये संपली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून बीएस-सिक्स हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि पोलोचं चार सिलिंडरचं टीएसआय टर्बो इंजिन जाऊन तीन सिलिंडरचं एक लिटर आलं. २०२२ ला पोलोच गेली. सुझुकीने स्विफ्ट स्पोर्ट तर इकडे कधी आणलीच नाही. २०१७ ची पिढी जपानात ९७० किलो वजनाची आणि १४० पीएसची होती. इंदूरच्या रस्त्यांना आणि खिशाला याहून योग्य गाडी मला सुचत नाही.

मिस्त्र्यांचा मार्गही दरम्यान अरुंद झाला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी चालणार नाही. झेनमध्ये एस्टीमचं हृदय घालायचे दिवस तिथे संपले. त्यामुळे कंपनी स्वतः काय आणते याकडे डोळे लावून बसण्याला पर्याय उरला नाही, आणि म्हणून प्रत्येक नव्या गाडीवर इतकी जीव तोडून चर्चा होते.

आयात गाड्यांचं दार २०१८ मध्ये थोडं उघडलं. ठरावीक परदेशी मानकं पाळणाऱ्या गाड्या एका कंपनीला वर्षाला अडीच हजारांपर्यंत इथली चाचणी न करता आणता येतात. मे २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय याच दारातून आली. २६५ पीएस, ५२ लाख ९९ हजार, पहिली खेप १५० गाड्यांची. किंमत जाहीर व्हायच्या आतच सगळ्या बुक. पोलोच्या दुप्पट भावात! मधल्या नऊ वर्षांत पैसेवाला शौकीन तयार झाला, आणि दहा लाखांवाला होता तिथेच राहिला. त्याच्या वाट्याला आय-ट्वेंटी एन लाइन आणि २०२४ ची अल्ट्रोझ रेसर आली, दोन्ही १२० पीएसच्या. चांगल्या गाड्या आहेत. पण टपरीवर त्यांना ‘वॉर्म हॅच’ म्हणतात, म्हणजे ऊन पाणी, उकळतं नाही.

सप्टेंबर २०२५ च्या नव्या जीएसटीने चार मीटर-बाराशे सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीला १८ टक्के आणि बाहेरच्या गाडीला ४० टक्के केले. कुंपण तिथेच आहे, नुसते दर बदलले. विजेच्या गाडीला मात्र हे कुंपणच लागू नाही. सीसी नसतातच आणि लांबीचीही अट नाही, जीएसटी सरसकट पाच टक्के. चार मीटरच्या थोडी वर जाणारी, सव्वादोनशे पीएसची हॅचबॅक कराच्या दृष्टीने प्रथमच गुन्हेगार ठरत नाही. आवाजाच्या नावाने हळहळणाऱ्यांना मी हे दोन-तीनदा सांगून पाहिलं. वजनाचा त्यांचा मुद्दा खरा आहे. बॅटरीने गाडी जड होते आणि छोट्या गाडीची गंमत हलकेपणात असते, हे मिनीपासून सिद्ध झालेलं आहे. आयात शुल्क तर विजेच्या गाडीलाही चुकत नाही. पण इंजिनाच्या आवाजासाठी वीस वर्षं रडणाऱ्यांनी बाराशे सीसीच्या तीन सिलिंडरचा आवाज ऐकला आहे का, असंही कधीतरी विचारावंसं वाटतं.

इंदूरकरांना या सगळ्यात एक सुख जास्तीचं आहे. पीथमपूर इथून तासाभराच्या आत. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक २९ जून २०२१ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते सुरू झाला. रुंदी सोळा मीटर, चार पट्टे. वळणावरसुद्धा २५० च्या वेगाने स्टिअरिंगला हात न लावता गाडी जावी असा त्याचा उतार बांधला आहे. आत आपल्याला कुणी सोडत नाही. पण काळ्या-पांढऱ्या नक्षीचं कापड गुंडाळलेल्या चाचणीच्या गाड्या महू-पीथमपूरच्या बाजूला अधूनमधून रस्त्यावर दिसतात, आणि दिसल्या की कुणीतरी चालत्या दुचाकीवरून फोटो काढतोच.

गेल्या रविवारी असाच एक फोटो टपरीवर आला. हललेला, अर्धा ट्रकच्या आड. एन लाइनवाल्याने तो बोटांनी मोठा केला आणि सगळी डोकी त्या मोबाइलवर वाकली. चाकाला बोल्ट चार की पाच? मागे डिस्क आहे की ड्रम? एक्झॉस्टचा पाइप दिसतो का? पुंटोवाला बराच वेळ काही बोलला नाही. मग हात पुसून मोबाइल स्वतःकडे घेतला, आणखी मोठा केला, आणि म्हणाला, “पाच आहेत बहुतेक. चिखल लागलाय, एक दिसत नाही.”