पोराचा कान ठणकतोय? थेंब मागायच्या आधी हे वाचा

रात्री साडेनऊला आमच्या मेडिकलचं शटर अर्धं खाली ओढलं की हमखास कोणीतरी येतं, खांद्यावर पोरगं, पोराचा हात कानावर, आणि वाक्य ठरलेलं, "कानाचे थेंब द्या ना पटकन, दवाखाना बंद झालाय." आम्ही देत नाही म्हटलं की गिऱ्हाईक चिडतं, साहजिक आहे, म्हणून का देत नाही ते एकदाच छापून घेतलंय, बिलासोबत सगळ्यांना देतोय.

लहान मुलांचा कान बहुतेक वेळा सर्दीच्या मागोमाग ठणकतो. नाकाच्या मागून कानात एक बारीक नळी जाते, मोठ्यांची लांब आणि उतरती असते, मुलांची आखूड आणि जवळजवळ आडवी, त्यामुळे सर्दीत ती सुजून बंद होते आणि पडद्याच्या आत पाणी साठतं. दुखणं पडद्याच्या आत, थेंब पडणार बाहेर! आणि पडद्याला भोक पडलेलं असेल (कान फुटला म्हणतो ना आपण, तेच) तर काही थेंबांनी ऐकू यायचंच कमी होऊ शकतं. लसणीचं कोमट तेल पण नको, आमच्या आजीनेही घातलंय आमच्या कानात, तिच्याबद्दल तक्रार नाही, पण नको. त्या रात्रीपुरतं पॅरासिटामॉल द्या, एका वेळी वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, मध्ये ४ ते ६ तास, दिवसात ४ डोसांच्या वर नाही. सिरप १२५ चं (म्हणजे ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम) मिळतं तसं २५० चं पण मिळतं, बाटल्या सारख्याच दिसतात, घरातली जुनी २५० ची निघाली की डोस डबल जातो. सकाळी डॉक्टर. बाळ ६ महिन्यांखालचं असेल, कानामागे सूज येऊन कान पुढे आल्यासारखा दिसत असेल किंवा मान ताठ झाली असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल.

कधीकधी दुखायचं थांबतं पण पाणी आतच राहतं. मग पोरगं टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली तर ओ देत नाही, आणि आपण ओरडतो लक्ष नाही म्हणून. बरेचदा ३ महिन्यांत ते आपोआप सुकतं, नाही सुकलं आणि ऐकू कमी येत राहिलं तर ईएनटी (कान-नाक-घशाचे) डॉक्टर पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवायचा विचार करतात.

नाकाचं सांगतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी अडकलंय असं धरून चाला. एक ताई तिसऱ्यांदा सर्दीचं औषध न्यायला आल्या, सहज विचारलं दोन्हीकडून येतं का, तर म्हणे नाही हो, फक्त डावीकडून. ईएनटीकडे पाठवलं, टम्म फुगलेला हरभरा निघाला. घरी चिमटा घालू नका, आणखी आत सरकतं. आणि रिमोटमधला चपटा बटन सेल असेल तर पाणी, थेंब काही न टाकता लगेच पळा, काही तासांत आतून भाजतं. घोळणा फुटला तर डोकं मागे टाकायचं नाही, कांदा हुंगवत बसायचं नाही, पोराला पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग घड्याळ लावून १० मिनिटं दाबून धरा, मध्ये सोडून बघू नका.

घसा बहुतेक वेळा व्हायरलच असतो, मोठ्या भावाचं उरलेलं अँटिबायोटिक धाकट्याला देऊ नका. टॉन्सिल काढायचे का हे आम्हाला विचारतात, आम्ही डॉक्टर नाही, पण साधारण हिशोब असा धरतात की वर्षात ७ वेळा घसा, किंवा दोन वर्षं दरवर्षी ५, किंवा तीन वर्षं दरवर्षी ३. म्हणून दर वेळची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पण रात्री घोरताना मध्येच श्वास थांबत असेल तर आकडे मोजत बसू नका, मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि तोच डॉक्टरांना दाखवा.

४ वर्षांखालच्या मुलांसाठी क्लोरफेनिरामाइन-फिनाइलएफ्रिनचं सर्दीचं सिरप मागू नका, डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी बाटलीवर तशी सूचनाच छापायला लावली. नाक गच्च असेल तर सलाइनचे साधे थेंब न्या, ते मात्र लगेच देतो.

येताना पोराचं वजन कागदावर लिहून आणा, आणि घरात सिरपची बाटली असेल तर तीही.