लाकूड मोजण्यापासून जंगल राखण्यापर्यंत : वनशिक्षणाची पार्श्वभूमी

जंगल, जमीन, पाणी या विषयांत शिकून संवर्धनाच्या कामात उतरू पाहणाऱ्या मुलांची संख्या वाढते आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. पण हे शिक्षण सुरू झालं ते संवर्धनासाठी नव्हे, हे त्यांना आधीच माहीत असायला हवं. सुरुवातीची गरज होती सागवानाची आणि रेल्वेच्या स्लीपरांची, म्हणजे रुळांखाली आडव्या टाकायच्या लाकडी तुळयांची.

डीट्रिश ब्रँडिस हे मूळचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनात ते हत्तीवर बसून फिरत. डाव्या हातात लाकडाचे चार तुकडे, उजव्या हातात चाकू. घेराप्रमाणे झाडांचे चार वर्ग केलेले, आणि दिसलेल्या प्रत्येक सागासाठी त्या-त्या तुकड्यावर एक खाच. अशा मोजणीवरून, जंगल न संपवता दरवर्षी किती झाडं तोडता येतील हे ते ठरवत. १८६४ मध्ये ते हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि हीच दृष्टी देशभरच्या वनखात्यात रुजली. १८७८ मध्ये देहरादूनला वनशाळा निघाली, तिथे प्रामुख्याने रेंजर, म्हणजे प्रत्यक्ष जंगलात काम पाहणारे वनक्षेत्रपाल घडवले जात. वरचे अधिकारी मात्र युरोपात शिकून येत. आधी फ्रान्समधल्या नान्सीत आणि जर्मनीत, नंतर इंग्लंडमध्ये.

त्याच १८७८ साली नवा वन कायदाही आला. राखीव जंगलात गुरं चारणं, सरपण आणणं हे पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहार एक तर सरकारने दिलेली सवलत ठरले, नाही तर गुन्हा. वनशाळेत झाड शिकवलं गेलं, पण त्या झाडाखाली राहणारा माणूस अभ्यासक्रमात आला तो बहुतेक अडथळा म्हणून. माझ्या मते या शिक्षणातली सगळ्यात खोल उणीव हीच, आणि ती भरून यायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

स्वातंत्र्यानंतरही बराच काळ जंगल म्हणजे महसूल आणि कारखान्याचा कच्चा माल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढच्याच वर्षीचा व्याघ्रप्रकल्प यांनी वेगळ्या प्रकारच्या माणसांची गरज निर्माण केली. १९८२ मध्ये देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्था आणि भोपाळला भारतीय वन व्यवस्थापन संस्था सुरू झाल्या. कृषी विद्यापीठांतून वनशास्त्राची पदवीही याच दशकात मिळू लागली. मातीचा अभ्यास मात्र वेगळ्या वाटेने चालला होता; मृद सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली, तिचं मुख्यालय नागपुरात आहे. १९८८ च्या वननीतीने पर्यावरणाचा समतोल आणि स्थानिकांच्या गरजा महसुलाच्या वर ठेवल्या.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने मात्र कुठल्याही संस्थेची वाट पाहिली नाही. गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवले. बाहेरच्या जाणकारांना बोलवायचं, कायदा समजून घ्यायचा, जंगलात काय उरलंय ते स्वतः पाहायचं, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने घ्यायचा. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांना साथ देणारे सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागायचा. त्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं.

वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार सामूहिक वनाचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेच्या समितीने करायचा आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेशी (त्या जंगलाच्या अनेक वर्षांच्या कामाच्या आराखड्याशी) जोडून घ्यायचा असतो. त्यासाठी झाडांचा घेर मोजता यावा लागतो, नकाशा वाचता यावा लागतो, आणि तेंदू, मोह, बांबू यांच्याबद्दल गावातल्या बाया काय सांगतात ते नीट ऐकून लिहूनही घ्यावं लागतं. हे सगळं येणारी माणसं अजून फार कमी आहेत, आणि आज वनशास्त्र शिकणाऱ्यांची खरी गरज तिथेच आहे.