उपदेशाकडून मांडणीकडे

हवामानाला कमी झळ पोचेल असं अन्न लोकांनी आपणहून निवडावं, यासाठी काय करावं? प्रश्न नवा वाटतो, पण त्याची तालीम महायुद्धांत होऊन गेली आहे. १९१७ साली अमेरिकेच्या अन्न प्रशासनाने हर्बर्ट हूवर यांच्या नेतृत्वाखाली आठवड्यातले बिनमांसाचे आणि बिनगव्हाचे दिवस ठरवून दिले. घरांवर सक्ती नव्हती, आवाहन होतं.

दुसऱ्या महायुद्धात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एक प्रयोग केला. नेहमीचं मांस सैन्याला पुरवायचं, तर घरोघरी गुर्दे, हृदय असे नावडते भाग शिजायला हवे होते. गृहिणींच्या काही गटांना पोषण आणि देशकार्य यांवर व्याख्यान दिलं. बाकीच्या गटांनी हाच विषय आपसांत चर्चेला घेतला आणि शेवटी हात वर करून निर्णय केला. नंतर चौकशी केली तर व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के जणींनी असा पदार्थ केला होता. चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के जणींनी.

हवामानाचा विषय आला तेव्हा मात्र पुन्हा व्याख्यानापासूनच सुरुवात झाली. २००६ साली जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा १८ टक्के असल्याचं सांगितलं (२०१३ मध्ये तो १४.५ टक्के धरला गेला). आकडा कळला की लोक बदलतील, असा भाबडा विश्वास तेव्हा होता. २००७ मध्ये टेस्को या ब्रिटिश सुपरमार्केट साखळीने आपल्या सुमारे ७० हजार उत्पादनांवर कार्बनची लेबलं, म्हणजे त्या वस्तूमागे किती उत्सर्जन झालं ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या, लावायचं जाहीर केलं. एकेका वस्तूचा हिशेब करता करता दमछाक झाली, इतर दुकानदार सोबत आले नाहीत आणि २०१२ मध्ये तो बेत गुंडाळला गेला.

मधल्या काळात बिनमांसाचे वारही परत आले होते. बेल्जियममधल्या गेंट शहराने २००९ पासून गुरुवार शाकाहारी केला, पण मांस मागणाऱ्याला अडवलं नाही. २०१३ च्या निवडणुकीत जर्मनीच्या ग्रीन पक्षाने उपाहारगृहांसाठी असाच वार सुचवला, तेव्हा 'आमच्या ताटात डोकावू नका' या सुरात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. कल्पना जवळपास तीच, पण हुकुमाचा नुसता वास आला तरी पुरे होतं.

म्हणून अलीकडचे अभ्यासक खाणाऱ्याशी वाद घालण्याऐवजी मेन्यूच बदलून पाहतात. केंब्रिज विद्यापीठाच्या उपाहारगृहांतली ९४ हजारांहून अधिक जेवणं तपासणारा अभ्यास २०१९ मध्ये आला. चारांपैकी एकाऐवजी दोन पदार्थ शाकाहारी ठेवल्यावर त्यांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली. एरवी सर्वांत कमी शाकाहारी जेवणाऱ्यांमध्ये हा परिणाम सर्वाधिक होता. अर्थात, ज्याला पत्ताच नाही त्याची निवड अशी वळवणं कितपत रास्त, यावर वाद आहेच.

राहिला कर. डेन्मार्कने आरोग्यासाठी २०११ मध्ये संपृक्त चरबीवर (लोणी, मांस यांत असते ती) कर लावला. लोक खरेदीला सीमेपलीकडे जाऊ लागले आणि वर्ष-सव्वा वर्षात तो मागे घ्यावा लागला. २०२४ मध्ये त्याच देशाने पशुधनाच्या उत्सर्जनावर कर ठरवला. २०३० पासून तो शेतकऱ्याकडून घेतला जाईल.